आधी वही, मग इमारत

कृष्णाकाठच्या आमच्या मुलखात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, इतिहासाच्या साधनांचे तीन मोठे राखणदार होऊन गेले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. एक संस्कृतचे शिक्षक, दुसरे संपादक आणि संग्राहक, तिसरे संस्थानिक. संग्रहालयशास्त्र नावाचे काही शिकायला मिळते हे तिघांच्याही काळात आपल्याकडे कोणाला माहीत नव्हते. तरीही आज संग्रहालयाच्या अभिरक्षकाची म्हणून जी कामे सांगतात, ती या तिघांनी आपापसात जणू वाटून घेतली होती. खरेशास्त्र्यांनी नक्कल केली, पारसनीसांनी गोळा केले, पंतप्रतिनिधींनी मांडून दाखवले.

या तीन कामांचा हिशेब मांडायचे कारण तासगावात रोज दिसते. पटवर्धनकाळातली आणि त्यानंतरची घरे उतरवली जात आहेत. माळ्यावरच्या पेट्या उघडत आहेत. त्यातून निघालेली तांब्यापितळेची भांडी मोडीत जातात, कागद बंबात जातात, आणि एखादी तलवार सापडलीच तर ती भिंतीवर लागते. कोणाची, कोठून आली, हे मात्र आजोबांबरोबर गेलेले असते. ‘तासगावला एक संग्रहालय हवे’ असे मग सभांतून म्हटले जाते. हवेच. पण संग्रहालय म्हणजे नेमके काय, आणि त्याची सुरुवात कोठून करायची, हे या तिघांच्या कामातून जेवढे कळते तेवढे मला दुसऱ्या कोठून कळलेले नाही.

मिरज : नक्कल

वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) मूळचे गुहागरचे. आयुष्य गेले मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवण्यात. पटवर्धन सरदारांचे दप्तर मिरजेस होते. शाळा सांभाळून शास्त्रीबुवांनी त्यातली मोडी पत्रे वाचली, बाळबोधीत उतरवली, कालक्रमाने लावली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. त्यांच्या हयातीत या मालिकेचे बारा खंड झाले. पुढचे काम त्यांच्या मुलाने चालवले.

तासगावच्या माणसाला या खंडांचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्या गावाचे परशुरामभाऊ पटवर्धन आज आपल्याला नुसते ‘गणपती मंदिर बांधणारे भाऊ’ म्हणून माहीत आहेत. खंडांत ते छावणीतून पैशाची तोड कळवणारे, वैरण आणि घोड्यांची काळजी करणारे, घरच्या मंडळींना लिहिणारे माणूस म्हणून भेटतात. मंदिराच्या सात मजली गोपुराखाली उभे राहून कोणी विचारतो, की दक्षिणेतले हे गोपूर इथे कसे? त्याचे उत्तर भाऊंच्या कर्नाटकातल्या मोहिमांत आहे, आणि त्या मोहिमांची रोजची हकीकत या पत्रांत आहे.

खरेशास्त्र्यांच्या कामातली खरी शिकवण पद्धतीची आहे. त्यांनी मूळ कागद आपल्या मालकीचे करून घेतले नाहीत. कागद ज्याचे त्याच्याकडे राहिले. मजकूर मात्र सर्वांचा झाला. पत्रांच्या आधी त्या काळाची हकीकत सांगणारी प्रस्तावना त्यांनी लिहिली, म्हणजे मोडी न येणाऱ्या, दरबारची माणसे न ओळखणाऱ्या वाचकालाही पत्राचा अर्थ लागावा. शाळामास्तरची ही सवय. आज ज्याला ‘लोकांसाठीचा इतिहास’ म्हणतात, त्याचा नमुना मला या प्रस्तावनांत दिसतो.

सातारा : संग्रह

पारसनीस (1870–1926) यांची तऱ्हा निराळी. झाशीच्या राणीचे चरित्र त्यांनी 1894 मध्ये, वयाच्या चोविशीत लिहिले. पुढे कागद, चित्रे, नकाशे, पोथ्या यांचा ध्यास घेऊन त्यांनी मोठा संग्रह केला. नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्या हाती आले. किंकेड यांच्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. पण पारसनीस लवकरच वारले, आणि 1939 मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आजही तो तेथे आहे.

सातारकरांच्या मनात याची खंत आहे, ती मी पुष्कळदा ऐकली आहे. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डेक्कन कॉलेजात संशोधक होते, वाचणारे होते, कपाटांची देखभाल होती. एका माणसाच्या ध्यासावर उभा राहिलेला संग्रह त्या माणसामागे कसा टिकवायचा, हा प्रश्न तेव्हा होता आणि आजही आहे. माझे मत असे : वस्तू गाव सोडून गेली तर हळहळ वाटते, पण इतिहास बुडत नाही. वस्तू कोठून आली, कोणाकडून आली, कधी आली याची नोंद हरवली, की वस्तू घरात असूनही इतिहास बुडतो.

याचे अगदी अलीकडचे उदाहरण साताऱ्यातच आहे. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. लोकांनी रांगा लावल्या. त्याबरोबर वादही झाला : ही महाराजांचीच वाघनखे का? या वादात आवाज पुष्कळ चढले, पण नोंद काय म्हणते हे थोड्यांनी वाचले. ती अशी आहे : ही वाघनखे जेम्स ग्रँट डफच्या वंशजांकडून त्या संग्रहालयाला मिळाली. ग्रँट डफ 1818 ते 1822 या काळात साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी होता. वाघनखांसोबत स्कॉटलंडमध्ये केलेली एक पेटी आहे. शिवाजीने ज्या वाघनखांनी मोगल सरदाराला मारले ती ही, आणि पेशव्यांच्या प्रधानाकडून ती ग्रँट डफला मिळाली, अशा अर्थाचा मजकूर पेटीवर आहे. ही तीच वाघनखे आहेत असे पडताळून सांगता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच म्हटलेले आहे.

आता शाळेतले पोरही विचारेल, अफझलखान मोगल सरदार कसा? तो तर आदिलशाहीचा. म्हणजे पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला तपशील नीट ठाऊक नव्हता. एवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. ठरते ते एवढेच, की ग्रँट डफच्या घराण्यात या वस्तूविषयी काय समजूत होती. मी मुलांना हे उदाहरण देतो तेव्हा फळ्यावर तीन रकाने आखतो : वस्तू काय सांगते, कागद काय सांगतो, लोक काय सांगतात. वाघनखांच्या बाबतीत पहिल्या रकान्यात पोलाद आणि कारागिरी येते, दुसऱ्यात पेटीवरचा मजकूर, तिसऱ्यात आपली सर्वांची श्रद्धा. तिन्ही रकाने खरे आहेत. ते एकमेकांत मिसळायचे नाहीत, एवढेच शिकायचे. श्रद्धेचा अपमान न करता पुरावा तपासता येतो, हे चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटते.

औंध : मांडणी

औंध संस्थान लहान, आणि तेही तुकड्यातुकड्यांचे. आटपाडी त्यात होती, आमच्या शेजारचे कुंडलही त्यात होते. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली ती याच संस्थानच्या जमिनीवर. राजे भवानराव (1868–1951) स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव घरोघर होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पहिला मोठा आर्थिक आधार त्यांनीच दिला. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले, तेथल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. आणि 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी चित्रसंग्रहालय खुले केले.

तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत, पहाडी शैलीतली लघुचित्रे आहेत, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे, आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या व शिल्पांच्या नकलाही आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे दगडी शिल्प माण-खटावच्या या माळरानात कसे, याचे नवल परदेशी अभ्यासकांनाही वाटते.

काही जाणकार या नकलांना नाक मुरडतात. मला त्या नकलांतच राजांची शिक्षकी वृत्ती दिसते. अस्सल पाहायला रोमला कोण जाणार? यमाईच्या दर्शनाला मात्र सगळा मुलूख येतो. देवीच्या वाटेवर संग्रहालय बांधले, की शेतकरी बाया-माणसे ओटी भरून येता येता रविवर्मा पाहतात. हा राजा कीर्तनही करीत असे, हे लक्षात घेतले तर ही मांडणी उलगडते. आधी माणसे जमतात ती जागा धरायची, मग तेथे आख्यान लावायचे.

राखणदार करतो काय?

अभिरक्षक हा शब्द ऐकला की लोकांना कुलूप-किल्ल्या सांभाळणारा माणूस आठवतो. त्याचे मुख्य हत्यार किल्ली नव्हे, वही. संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला देत नाहीत. वहीत लिहायचे : तारीख, कोणाकडून, दान की विकत की उसनी, कोठे सापडली किंवा वापरात होती, कशाची बनवली, मापे, आजची अवस्था. देणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत, ‘असे ते सांगतात’ म्हणून वेगळी. क्रमांक वस्तूवरही घालायचा, पण न दिसणाऱ्या जागी आणि पुसता येईल असा. कागदावर तर फक्त मऊ शिसपेन्सिलीने.

एक साधी वस्तू घेऊ. पितळी किंवा लोखंडी अधोली आमच्या भागात अजून जुन्या घरांत सापडते. क्रमांक आणि ‘धान्य मोजण्याचे माप’ एवढी चिठ्ठी लावली तर वस्तू मुकी राहते. दोन शेरांची अधोली, दोन अधोलींची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी, हे लिहिले की एक जग उघडते. हीच अधोली बलुतेदाराला धान्य मोजून देण्यासाठी होती की सावकाराच्या वसुलीसाठी, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाने सांगितले असेल आणि आपण टिपले असेल, तर मग ती गावच्या अर्थकारणाचा पुरावा होते. मी शाळेत अधोली नेतो, पोतेभर जोंधळा मागवतो आणि मुलांना मोजायला लावतो. शीग लावून मोजलेले माप आणि काठोकाठ सपाट केलेले माप यांत किती फरक पडतो ते मुले डोळ्यांनी पाहतात. देताना सपाट आणि घेताना शिगेचे माप वापरले तर कोणाच्या घरी काय उरते, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. 1956 च्या मापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत का आणली, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मी स्वतः कोठल्या विद्यापीठात हे शिकलो नाही. मोडी पुराभिलेख खात्याच्या वर्गात गिरवली आणि पुढे ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’ उशाशी ठेवून वाढवली. त्या पुस्तकाचे नावच सांगते, की ज्याला गुरू मिळाला नाही त्याच्यासाठी ते आहे. जुन्या कागदावरचे शुहूर सन वाचणे ही त्यातली एक मजेची गोष्ट. हा सन अरबी शब्दांत लिहितात आणि एकं आधी, हजार शेवटी येतो. ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून 1180. त्यात 599 मिळवले की 1779. सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे. आमच्या गणपती मंदिराचे काम सुरू झाले ते साल हेच. नववीच्या वर्गाला हे कोडे म्हणून घातले, तर तासाभरात निम्मी मुले घरच्या कागदावरचा सन वाचायला तयार होतात. पुढच्या आठवड्यात त्यातली दोन-तीन मुले खरोखरच घरचा कागद घेऊन येतात. तेथून माझे खरे काम सुरू होते.

भिंती नसलेले संग्रहालय

आमच्या भागात गावोगाव, देवळाच्या बाजूला किंवा वेशीपाशी, वीरगळ उभे आहेत. ते खालून वर वाचायचे. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरांच्या रक्षणासाठी पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर कीर्ती राहो. बांगड्या ल्यालेला, कोपरात दुमडलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. यांतल्या बऱ्याच दगडांना आज शेंदूर किंवा ऑइलपेंट फासलेला असतो, किंवा जीर्णोद्धारात ते पायरीला लावलेले असतात. एका गावच्या मंडळाने तर सभामंडप बांधताना ते भरावात घातले. गावाचे नाव घेत नाही. हेतू वाईट नव्हता, दगड कोणी वाचून दाखवला नव्हता, एवढेच.

आणि इतिहास काही पेशवाईत संपत नाही. 3 सप्टेंबर 1942 रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा आला आणि तिरंगा चढला. त्याच आठवड्यानंतर वडूज आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाले. पुढे कुंडलपासून वाळव्यापर्यंत प्रतिसरकारचा वावर होता. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वेचा खजिना लुटला गेला तो याच चळवळीचा भाग. यातल्या प्रत्यक्ष कार्यकर्त्यांची पिढी जवळजवळ संपली. भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, रात्री दार उघडणाऱ्या बायकांची नावे तर कागदावर आलीच नाहीत. त्यांच्या लेकीसुना अजून आहेत. त्यांना विचारून लिहून घेणे, हे आजचे संग्रहण आहे.

द्राक्षाचेही तसेच. ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षाचे वाण बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून काढले आणि आमच्या गणपतीचे नाव घेऊन ते महाराष्ट्रभर गेले. त्या काळचे मांडव, छाटणीच्या कात्र्या, औषधांच्या नोंदवह्या, बेदाण्याच्या पहिल्या सौद्यांच्या पट्ट्या कोणी ठेवल्या आहेत का? पन्नास वर्षांनी याच वस्तू तासगाव कसे घडले ते सांगतील.

आता करायचे ते

थोडे व्यवहाराचे. जमिनीत दहा रुपयांवरचे काही पुरलेले सापडले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. ‘सरकार काढून घेईल’ या भीतीने लोक वस्तू लपवतात किंवा वितळवतात. नोंदणी झाली म्हणून वस्तूची मालकी जात नाही, हे गावोगाव सांगायला हवे.

कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. जुनी माणसे दप्तर रुमालात बांधत ते बरोबरच होते. आमच्याकडे एक खास धोका आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, आणि अडगळीची पेटी म्हणून दप्तरही पुष्कळदा त्याच शेडच्या माळ्यावर असते. गंधकाच्या धुराने कागदात आम्ल धरते, तो पिवळा पडून तुटतो. पेटी आधी तेथून हलवा.

आणि पुराचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत शिरले तेव्हा किती घरांचे कागद चिखलात गेले याला हिशेब नाही. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. थोडे कागद असतील तर सावलीत, पंख्याखाली, टीपकागद घालून वाळवावेत; उन्हात नाही. गठ्ठेच्या गठ्ठे असतील तर गारठा हा उपाय आहे. तासगावात बेदाण्याची शीतगृहे आहेत. तेथले तापमान गोठणबिंदूइतके नसते, तरी बुरशी मंदावते आणि वाळवायला काही दिवस हाती मिळतात. अन्नापासून वेगळी अशी एक खोली पुराच्या दिवसांत त्यासाठी राखायची, एवढा करार शीतगृहवाल्यांशी आधीच करून ठेवला तर पुढच्या पुरात पुष्कळ काही वाचेल. असे साधन फार थोड्या तालुक्यांच्या हाताशी आहे.

संग्रहालयाची इमारत व्हायची तेव्हा होईल. त्याला जागा, पैसा, पगारी माणूस लागतो. तालुक्याची वही मात्र उद्या सुरू करता येते. गावागणिक एक शिक्षक, एक ग्रंथपाल, दोन-चार मुले. घरात काय आहे ते पाहायचे, फोटो काढायचा, माप घ्यायचे, म्हाताऱ्या माणसाची हकीकत तिच्या शब्दांत लिहायची, आणि वस्तू जागच्या जागी ठेवून परत यायचे. वहीच्या तीन प्रती करायच्या : एक गावात, एक तासगावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या ठिकाणी. खरेशास्त्री हेच करीत होते. पाच शाळांत आम्ही ही वही सुरू केली आहे. तिच्यातली पहिली नोंद एका आजींनी दिलेल्या जात्याची आहे. रकान्यात ‘कोठून आले’ या प्रश्नापुढे त्यांच्या नातीने लिहिले आहे : ‘आजीच्या माहेरून, बैलगाडीतून.’